झेनोबी रोशॉनची दुनळी

सेंट ओडिल परगण्यात तिशी-चाळिशीच्या कुठल्याही माणसाला विचारा, त्याने लहानपणी झेनोबी रोशॉनची बोलणी खाल्लेलीच असतात. एकतीस वर्षं तिने शाळेची पिवळी बस चालवली. बस सुटायची ती वेळेवरच सुटायची. पोर धावत येताना आरशात दिसलं तर ती ब्रेकवर पाय ठेवायची, पण दार उघडायच्या आधी खिडकीतून ओरडायचीच, "काय राजेसाहेब, पालखी पाठवू का उद्यापासून?" लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "रोज बसभर पोरं सांभाळते. त्यात आणखी एक मोठं कशाला?"

तिचं घर शेनिएर नोआरवर. दलदलीतून माणूसभर वर आलेला ओकच्या झाडांचा लांबट उंचवटा, दोन्ही अंगांना पाणी आणि गवत, मधून एक रस्ता, रस्त्याला पंचवीस-तीस घरं आणि टोकाला चर्च. झेनोबीच्या दारावर आतल्या बाजूने दोन खुंट्या होत्या आणि त्या खुंट्यांवर तिच्या बापाची दुनळी बंदूक.

बाप एव्हारिस्त खेकडे धरायचा आणि हिवाळ्यात पाणउंदरांची कातडी विकायचा. त्याच कमाईतून त्याने ही बंदूक घेतली होती. बदकं मारायला, साप मारायला, आणि सांगायचं नाही अशा आणखी एका कारणासाठी. ते कारण झेनोबीला दहा-अकरा वर्षांची असताना कळलं. त्या उन्हाळ्यात एव्हारिस्तने आणि चर्चमधल्या आणखी चार काळ्या माणसांनी कचेरीत जाऊन मतदार म्हणून नावं नोंदवली. आठवडा गेला नाही तोच तेव्हाच्या शेरीफचा, म्हणजे परगण्याच्या पोलीसप्रमुखाचा, माणूस दारात आला. टोपीसुद्धा काढली नाही.

"एव्हारिस्त, लोक चिडलेत," तो म्हणाला. "तुझ्याच भल्याचं सांगतो. ती बंदूक आमच्याकडे ठेव. वातावरण निवळलं की घेऊन जा."

"वातावरण निवळल्यावर मला ती कशाला लागेल, साहेब?" बापाने विचारलं. आवाज अगदी मऊ होता. झेनोबी दाराआड उभी होती. बापाचा तो आवाज तिने त्याआधी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीन गाड्या आल्या आणि घरासमोर थांबल्या. एव्हारिस्त ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता, बंदूक मांडीवर आडवी. पलीकडच्या ओसरीवर त्याचा भाऊ तसाच बसलेला. गाड्यांची इंजिनं चालूच होती. मग पहिली गाडी मागे सरकली, मग दुसरी, मग तिसरी. एवढंच झालं. बंदूक वाजलीच नाही. झेनोबी हे मुद्दाम सांगायची, कारण ऐकणारा माणूस गोळी कधी सुटते याची वाट बघत असायचा.

तर अशी ती बंदूक. बाप गेल्यावर झेनोबीने ती वर्षातून दोनदा काढून तेलपाणी केलं, बदकांच्या दिवसांत चालवली आणि परत खुंटीवर ठेवली.

ती अठ्ठावन्न वर्षांची झाली त्या वर्षी ते वादळ आलं. बाहेर पडा, असा हुकूम निघाला. निम्मी वस्ती गेली. झेनोबी थांबली, कारण शेजारचा म्हातारा अल्सीद जाऊ शकत नव्हता. अल्सीद गोरा, केजन, म्हणजे जुन्या फ्रेंच वसाहतकऱ्यांच्या वंशातला, आयुष्यभर कोळंबीच्या बोटीवर काम केलेला. फुप्फुसं निकामी झालेली, नाकात प्राणवायूची नळी. त्याला घेऊन तासन्‌तास गाड्यांच्या रांगेत अडकलं तर तो रस्त्यातच संपला असता. झेनोबीने त्याला यंत्रासकट आपल्या घरी आणलं.

"लोक काय म्हणतील, झेनोबी?" अल्सीद धापा टाकत म्हणाला. "म्हातारपणी मला पळवलंस."

"पळवायला पाय तरी हवेत तुला. गप बस आणि श्वास घे."

वाऱ्याने रात्रभर घर हलवलं, पण पाडलं नाही. सकाळी शेनिएरच्या दोन्ही अंगांना समुद्र होता. रस्ता बुडाला, विजेचे खांब झोपले. उंचवटा मात्र कोरडा राहिला. आसपासची अडकलेली माणसं होडक्यांतून झेनोबीकडे आली. वीज नाही म्हणताना सगळ्यांच्या फ्रीजरमधल्या मांसावरचा बर्फ वितळायला लागला, तेव्हा अंगणात मोठं भांडं चढलं. कोळंबी, हरणाचं मांस, सॉसेज, भेंडी, सगळं त्या गंबोत, तिकडच्या दाट रश्शात, गेलं. इतकं चांगलंचुंगलं त्या वस्तीने नाताळातही कधी खाल्लं नव्हतं.

त्रास झाला तो सापांचा. पाण्याने हुसकलेले जाड काळे साप कोरड्या जागेसाठी ओसरीवर चढायचे. झेनोबीने त्यांतले दोन दुनळीने उडवले. आणि एका दुपारी होडीतून दोन अनोळखी माणसं आली. त्यांची नजर ओसरीलगत चालू असलेल्या जनरेटरवर होती.

"बाई, तो जनरेटर तुमचा?"

"त्याच्यावर म्हाताऱ्याचं प्राणवायूचं यंत्र चालतंय," झेनोबी ओसरीवरून म्हणाली. ती खुर्चीत बसली होती, बंदूक मांडीवर आडवी. "तुम्हाला काय हवंय? जनरेटर की जेवण?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"जेवण," त्यातला मोठा म्हणाला.

"मग टोप्या काढा आणि हात धुवा."

ते पोटभर जेवले, आभार मानले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पोलिसांची बोट आली. तीत तिघे होते. दोघे दुसऱ्या राज्यातून मदतीला आलेले पहारेकरी, छातीवर चिलखत, हातात लांब बंदुका. तिसरा ऑक्टेव गिलरी, शेरीफचा शिपाई. ऑक्टेव म्हणजे झेनोबीचा धर्मपुत्र. त्याच्या बाप्तिस्म्याला तिनेच त्याला हातांवर धरलं होतं, आणि तो तिला नॅनन म्हणायचा, म्हणजे धर्माची आई.

"नॅनन, सगळे ठीक?" त्याचे डोळे लाल होते, दाढी वाढलेली.

"आम्ही ठीक. तू जेवलास का?"

उत्तर त्याच्याऐवजी, तिच्या मांडीवरच्या बंदुकीकडे बघत, एका पहारेकऱ्याने दिलं. "बंदूक खाली ठेवा, बाई! आत्ताच्या आत्ता!"

ऑक्टेवने हात वर करून त्याला थांबवलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "नॅनन, शेरीफचा हुकूम आहे. पुराच्या भागात कुणाकडेही बंदूक राहू द्यायची नाही. ती द्यावी लागेल."

"का? मी कुणाला मारलं?"

"तू नाही. पण खालच्या वस्तीत आमच्या बोटीवर गोळी झाडली कुणीतरी. ह्या माणसाच्या डोक्यावरून गेली."

"मग त्याची बंदूक घे."

"तो कोण, तेच माहीत नाही."

"म्हणून माझी घेणार? बरं, अल्सीदला नेताय का?"

"बोटीत प्राणवायू नाही. हेलिकॉप्टर येईल त्याच्यासाठी."

"कधी?"

ऑक्टेव पाण्याकडे बघायला लागला.

"म्हणजे म्हातारा राहणार, जनरेटर राहणार, काल त्यावर डोळा ठेवून आलेली माणसं राहणार. जाणार फक्त बंदूक."

"आम्ही गस्त घालतोय," पहारेकरी म्हणाला.

"चार दिवसांत आज पहिल्यांदा दिसलात, बाबा."

पहारेकऱ्याने आपली बंदूक खांद्याला लावली. अंगणातली माणसं जागच्या जागी थिजली. कुणाच्या तरी हातातली पळी भांड्यावर वाजली. झेनोबीला तेव्हा भीती वाटली का? ती म्हणायची, भीती नंतर वाटली, तेव्हा नुसता राग होता. पण तिने ऑक्टेवचा चेहरा पाहिला. आपण नाही म्हणालो, तर हे दोघे आपल्याला जमिनीवर पाडतील, ऑक्टेव मध्ये पडेल, आणि मग काय होईल ते परमेश्वरालाच माहीत. तिने दुनळी मधून वाकवून उघडली, दोन्ही काडतुसं काढून ॲप्रनच्या खिशात टाकली आणि दस्ता ऑक्टेवच्या पुढे केला.

"तुझ्या हातात देते. ह्यांच्या नाही. परत कधी देणार?"

"वादळ सरलं की लगेच, नॅनन."

तिच्या कानात बापाचं वाक्य वाजलं. बोटीच्या तळाशी पाण्यात दहा-बारा बंदुका लाकडांसारख्या टाकलेल्या दिसत होत्या. पावती नाही, चिठ्ठी नाही, कुणाची कुठली याची खूण नाही.

"पाण्यात ठेवू नकोस. लाकूड फुगेल," ती म्हणाली. ऑक्टेवने आपला रेनकोट काढून त्यात बंदूक गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी जनरेटर गेला. आधीच्या दोघांनी नव्हे, दुसऱ्याच तिघांनी नेला. त्यांच्या हातांत लोखंडी कांबी होत्या, त्या बघून अंगणातली माणसं मागे सरली. झेनोबी दारात उभी राहून त्यांना शिव्या घालत होती. शिव्यांना कोण भीक घालतो! त्यांनी तार उपटली आणि जनरेटर होडीत टाकला.

अल्सीदचे ओठ निळे पडायला लागले. राखून ठेवलेला एकच सिलिंडर होता. झेनोबीने अल्सीदला आणि सिलिंडरला चपट्या होडीत निजवलं, एका शेजाऱ्याला पुढे बसवलं आणि स्वतः मागे बसून वल्हं मारलं. झुडपांच्या शेंड्यांमधून, लोंबत्या तारांखालून. उंच महामार्गाचा पूल गाठेपर्यंत सिलिंडरचा काटा शून्याला टेकला होता. पुलावर सैनिकांची रुग्णवाहिका होती. अल्सीद वाचला. गाडीत चढवताना म्हणाला, "वल्ह्याचं पाणी माझ्या तोंडावर उडवत होतीस सारखी." झेनोबी तिथेच पुलावर खाली बसली आणि कितीतरी वेळ उठलीच नाही.

पाणी ओसरलं, रस्ता निघाला. झेनोबी चांगला पोशाख घालून शेरीफच्या कचेरीत गेली. वेल्डन शेरीफने तिला खुर्ची दिली, कॉफी दिली.

"मिस झेनोबी, काहीतरी गैरसमज झालाय. आम्ही कुणाचीच बंदूक घेतलेली नाही."

"वेल्डन, सहावीत असताना बसमध्ये डबा सांडून तू ह्याच चेहऱ्याने मला 'मी नाही' म्हणाला होतास."

शेरीफचे कान लाल झाले. पण उत्तर तेच राहिलं. बाहेरच्या टेबलाशी ऑक्टेव बसला होता. त्याने मान वर केली नाही. तिनेही त्याला हाक मारली नाही. त्या रविवारी चर्चमध्ये ती मुद्दाम वेगळ्या बाकावर बसली.

मग तिने वकील गाठली. लाफायेतमधली वेरोनिका सोनिए, तिशीतली, बोलताना पेन्सिल चावायची. वेरोनिका म्हणाली, "बंदूक ठेवण्याचा हक्क घटनेने दिलाय, वादळ आलं म्हणून तो वाहून जात नाही. पण तुम्ही एकट्या पुरणार नाही. ज्यांच्या ज्यांच्या बंदुका नेल्या ते एकत्र आले पाहिजेत. बंदूकवाल्यांची एक संघटना आहे, त्यांची गुरुवारी बैठक असते. याल?"

झेनोबी गेली. सभागृहाच्या भिंतींवर हरणांची मुंडकी, बाकांवर टोप्या घातलेले गोरे पुरुष, आणि त्यांत काळी बाई ती एकटीच. पुढच्या बाकावरचा ड्वेन नावाचा जाडजूड माणूस, भात पिकवणारा, उठून म्हणाला, "या बाई, बसा. तुमची कुठली नेली?"

"सांगते. पण आधी ती कशासाठी घेतली होती ते सांगते," झेनोबी म्हणाली, आणि उभी राहूनच तिने बापाची गोष्ट सांगितली. गाड्यांची, त्या संध्याकाळची. "त्या गाड्यांत कोण होते, ते तुमच्यातल्या काहींना घरी विचारलं तर कळेल. माझ्या बापाने ही बंदूक तुमच्या बापांपासून वाचायला ठेवली होती. आता ती सरकारने नेली, तुमच्याही नेल्या. तर एका बाकावर बसायचं का ते तुम्ही ठरवा. माझी हरकत नाही."

एक म्हातारा खाली बघत राहिला. दोघे उठून बाहेर गेले, ते आलेच नाहीत. ड्वेनने आपली टोपी काढली, बाकावर सरकून जागा केली आणि म्हणाला, "माझे आजोबा त्या गाड्यांत नव्हतेच, अशी पैज मी लावणार नाही, बाई. बसा." ती बसली. पुढे त्या खटल्यात सतरा जणांची नावं लागली आणि सगळ्यांत वर तिचं.

पण शेरीफची कचेरी नाहीच म्हणत होती. घेतल्याचा पुरावा काय? साक्षीदार सगळे ज्यांच्या बंदुका गेल्या तेच. झेनोबीला माहीत होतं, एक माणूस बोलला तर भागेल. तिने त्याला बोलावलं नाही.

तो आपणहून आला, एका रविवारी, खेकड्यांचं पोतं घेऊन. पायरीवर बसला. झेनोबीने पाणी उकळायला ठेवलं, त्यात मीठ-मसाला टाकला. खेकडे लाल झाले तेव्हा कागद पसरून दोघे फोडायला बसले.

"नॅनन, त्या दिवसांत मी झोपलोच नव्हतो," ऑक्टेव म्हणाला. "गोळी कानाशी शिट्टी वाजवत गेली. मला वाटलं, आता प्रत्येक ओसरीवरून एक सुटणार."

"माझ्याही?"

"तेव्हा... हो. तुझ्याही. मला लाज वाटते सांगायला."

झेनोबीने नांगी फोडली आणि त्यातलं मांस त्याच्या पुढ्यात ठेवलं. "तू घाबरलास ते मला कळतं. घाबरून घेतलीस, तेही एकवेळ कळतं. पण घेतली आणि आता नाही म्हणता, हे मला नाही कळत. अल्सीदला मी वल्हवत नेत होते तेव्हा मला तुझाच राग येत होता. त्या चिलखतवाल्यांचा नाही. ते परके."

"बोललो तर नोकरी जाईल."

"जाईल कदाचित. मी बोल म्हणत नाहीये. खा."

पुढे त्या विषयावर एक शब्द झाला नाही. पण न्यायालयात तारीख लागली त्या दिवशी ऑक्टेव गणवेश घालून आला आणि साक्षीदाराच्या जागी उभा राहिला.

"बाईंची बंदूक कुणी घेतली?" वेरोनिकाने विचारलं.

"मी. माझ्या हातांनी."

"कुणाच्या हुकमाने?"

"शेरीफच्या."

"पावती दिली?"

"नाही."

"परत देऊ म्हणालात?"

"हो. आणि ते मला खरं वाटलं होतं."

"त्या बंदुका आता कुठे आहेत?"

"परगण्याच्या बसडेपोमागे दोन लोखंडी कंटेनर आहेत. त्यांत."

झेनोबी पहिल्या रांगेत बसली होती. आपण जिथे रोज सकाळी बस काढायला जायचो, त्याच्याच मागे! ती मोठ्याने हसली. न्यायाधीशाने तिच्याकडे बघितलं, पण दटावलं नाही. त्याने आठवड्याच्या आत एकूण एक बंदूक मालकाला परत करायचा हुकूम दिला.

कंटेनर उघडले तेव्हा आतून कुजट वास आला. बंदुका एकावर एक टाकलेल्या, दमट हवेने गंजलेल्या. ड्वेनने आपली हरणाची बंदूक उचलली तर तिचा चाप जागचा हलेना. झेनोबीची दुनळी तळाशी निघाली. दस्ता फुगून चिरला होता, नळ्यांवर गंजाचे खड्डे. ऑक्टेवचा रेनकोट कुठे गेला कुणास ठाऊक. बंदूक दुरुस्त करणाऱ्याने ती उजेडात धरली आणि मान हलवली. "साफ करून देतो. पण ही आता वाजवायची नाही, मिस झेनोबी. नळी फुटेल." ती तेव्हा थोडी रडली. मग नाक पुसलं आणि त्याच्याच दुकानातून एक दुसरी बंदूक विकत घेतली.

ऑक्टेवची नोकरी गेली नाही. त्याला तुरुंगाच्या पहाऱ्यावर टाकलं, दोन वर्षं. पुढच्या निवडणुकीत शेरीफ वेल्डन पडला आणि ऑक्टेव बोटीवर परत आला.

मधल्या काळात राज्याच्या राजधानीत, बॅटन रूजच्या विधानसभेत, आपत्तीच्या दिवसांत नागरिकांच्या कायदेशीर बंदुका काढून घेऊ नयेत, असं एक विधेयक आलं. समितीपुढे बोलायला झेनोबीला बोलावलं. एका आमदाराने तिला जरा चढ्या आवाजात विचारलं, "मग पोलिसांनी करायचं काय, बाई? त्यांच्यावर गोळ्या झाडल्या जात होत्या."

"ज्याने झाडली त्याला धरायचं," झेनोबी म्हणाली. "मी तर गंबो वाढत होते."

सभागृह हसलं. हसू थांबेपर्यंत ती थांबली. "माझा धर्मपुत्र त्या बोटीत होता, साहेब. त्याच्यावर गोळी सुटली, ते मी विसरलेले नाही. घाबरलेल्या माणसाला सगळेच शत्रू दिसतात. म्हणून तर कायदा हवा. एरवी सगळे शहाण्यासारखंच वागतात, तेव्हा तो लागत नाही. आणि आणखी एक. अल्सीद म्हाताऱ्याकडे तेव्हा फक्त दोन गोष्टी होत्या, जनरेटर आणि माझी बंदूक. तुम्ही एक नेलीत, दुसरी आपोआप गेली." ती बसली. कायदा झाला.

अल्सीद आणखी चार वर्षं जगला आणि त्या चार वर्षांत ही गोष्ट त्याने प्रत्येक वेळी जरा वाढवून सांगितली.

नंतरचं मोठं वादळ आलं तेव्हा झेनोबी सत्तरीला टेकली होती. त्या खेपेला पाणी उंचवट्यावर चढलं आणि तिच्या ओसरीच्या पायरीला लागलं. ऑक्टेवची बोट आली, सोबत एक नवी शिपाई पोरगी, शँटेल नावाची. झेनोबी ओसरीवर उभी, नवी बंदूक खांद्याला अडकवलेली.

"नॅनन, ह्या वेळी चलावं लागेल," ऑक्टेव म्हणाला. "सकाळपर्यंत पाणी खिडकीला लागेल."

"दिसतंय मला. आंधळी नाही झाले अजून."

शँटेल जरा चाचरत म्हणाली, "मिस झेनोबी, बंदूक... बरोबर घ्या तुम्ही, हरकत नाही. फक्त बोटीत रिकामी लागेल. उघडून दाखवाल?"

झेनोबीने तिच्याकडे नीट निरखून बघितलं. "तू जेनेव्हीव्हची मुलगी ना? आईसारखीच बोलतेस. हे बरोबर विचारलंस." तिने बंदूक उघडून दाखवली, काडतुसं वेगळ्या पिशवीत टाकून ती पिशवी शँटेलच्या हातात दिली. मग आत जाऊन खुंटीवरची बापाची दुनळी एका रजईत गुंडाळून आणली, औषधांची डबी आणली, भेंडीच्या बियांची पुडी आणली आणि ऑक्टेवचा हात धरून बोटीत उतरली.

"निवाऱ्यात सोडू की माझ्या घरी?" ऑक्टेवने विचारलं.

"निवाऱ्यातलं जेवण खाण्यापेक्षा मी पोहत परत येईन. तुझ्या घरी. आणि बायकोला फोन कर, भात जास्त टाकायला सांग. चर्चमागच्या फाँतनो बहिणी अजून निघालेल्या नाहीत, त्यांना घेऊनच जाऊ."

ऑक्टेवने इंजिन चालू केलं आणि बोट चर्चच्या दिशेने वळवली.